चिंच, मीठ आणि चार चाकं

तुमच्या आजोबांची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं, तेव्हा ती विकायचं ठरलं. तुमच्या बाबांनी तिकडून फोनवर लगेच तोडगा काढला. "आई, जुन्या गाड्या घेणारे लोक दारात येऊन गाडी घेऊन जातात. तू यात पडू नकोस."

ते शेवटचं वाक्य मला झोंबलं. अकरा वर्षं त्या गाडीची फाइल मी ठेवली आहे. सर्व्हिसिंगची प्रत्येक पावती तारीखवार लावलेली, कुठला टायर कधी बदलला त्याची नोंद. मी सांगितलं, गाडी मीच विकीन, आणि घेणाऱ्यापासून काही न लपवता विकीन. त्यावर त्यांनी मला रविवारपर्यंत मुदत दिली. पोटच्या मुलाने आईला मुदत द्यावी!

सोमवारी आजऱ्याचे एक काजूचे व्यापारी आले. मी फाइल पुढे केली. ते चाकांपाशी उकिडवे बसले. आपली अलॉयची चाकं, एके काळी चांदीसारखी होती, आता त्यांवर पांढरे फोड आले होते आणि काठाला खड्डे पडले होते. नख लावलं की पापुद्रा निघायचा.

"पावणं," ते आजोबांना म्हणाले, "चाकाची ही गत, तर इंजिनाचं काय असंल?"

"इंजिनाचं सगळं या फाइलमध्ये आहे," मी म्हटलं.

"फाइल झ्याक हाय की. पर गाडी फाइलवर पळत न्हाय, आक्का." चहा पिऊन ते गेले.

मला रडू यायचं बाकी राहिलं. या चाकांवरून मी कंपनीला दोन पत्रं लिहिली होती, चांगल्या इंग्रजीत, परिच्छेद पाडून. चाकं कारखान्यातूनच सदोष आली, असा माझा दावा होता. दोन्ही वेळा त्यांचं नम्र उत्तर आलं आणि दोन्ही वेळा मी ते उद्धट ठरवून फाइलला लावलं.

मंगळवारी शेजाऱ्यांच्या ड्रायव्हरला घेऊन आम्ही उचगावला चाकं दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने बोट फिरवलं, बोट हुंगलं आणि विचारलं, "आज्जी, ह्याला धुवायला काय लावत हुता?"

"पाणी," मी म्हटलं.

"आणि चिंच," आजोबा मागून म्हणाले. "चिंच आणि मीठ. दर शनिवारी."

खरं होतं ते. शनिवारी देवाची तांब्याची भांडी घासून झाली, की उरलेला चिंच-मिठाचा कोळ मी वाया जाऊ देत नसे. काथ्याने चारही चाकं घासायची. तेव्हा ती अशी लखलखायची की सोसायटीतल्या बायका बघत राहायच्या.

"आज्जी, ही काय तांब्याची घागर हाय व्हय?" तो हसत सुटला. "वरचा पातळ थर काथ्यानं गेला, आतलं चिंचेच्या आंबटानं आन् मिठानं खाल्लं. कंपनीनं न्हाय, तुमीच खाल्लीसा चाकं!"

आजोबांना मात्र फार दिवसांनी इतकं हसू आलं होतं. परतताना मी त्यांच्याशी बोलले नाही.

त्याने दोन दिवस सांगितले आणि चार लावले. रोज फोन केला की "झालंच की आज्जी!" शनिवारी चाकं घासून, रंग देऊन मिळाली तेव्हा ती नवीन दिसत होती. तो हळूच म्हणाला, "मागच्या डाव्या चाकाची कड आतनं खाल्लीय. घासलीय म्या, पर हवा थोडी थोडी जाईल. दिसायचं न्हाय कुणाला. सांगू नगासा."

रविवारी गारगोटीच्या हायस्कूलमधल्या एक बाई आपल्या सासूबाईंना घेऊन आल्या. गाडी चालवून बघितली, फाइल पान न् पान वाचली. शिक्षिकाच त्या. "चाकंसुद्धा किती छान ठेवलीत, आजी," त्या म्हणाल्या. गप्प राहिले असते तर गाडी तिथेच खपली असती. पण मग तुमच्या बाबांना मी काय सांगितलं होतं?

सांगितलं. चिंच, मीठ, काथ्या, रंग आणि डाव्या चाकातून जाणारी हवा. माझी ती दोन इंग्रजी पत्रंही दाखवली.

बाईंनी पत्रं वाचली. ओठ घट्ट मिटून हसू आवरलं आणि फाइल बंद केली. "दर आठवड्याला हवा बघेन मी. एवढं सगळं आपणहून सांगणाऱ्यांची गाडी आणखी कुठं मिळणार?"

कागदांवर सह्या झाल्या. सासूबाईंनी पिशवीतून हळद-कुंकू आणि चार लिंबं काढली, गाडीला ओवाळलं आणि प्रत्येक चाकाखाली एक लिंबू ठेवलं. बाईंनी गाडी पुढे घेतली. लिंबं फुटली आणि रस उडून नव्या रंगावर गेला.

"अहो, लिंबू नको, आंबट आहे ते!" मी ओरडले आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

"ऱ्हाऊ द्या की, आक्का," सासूबाईंनी माझा हात धरला. "आता गाडी आमची हाय."

मी हात सोडवून घेतला आणि चारही चाकांवर पाणी ओतलं.