सरव्याची कबुली

"सोड ओटी! चोट्टे, वावर माहं अन् ओटी तू भरतं?"

मेडशीच्या शिवारात, भर दुपारी, दहा-बारा बायकांसमोर मालकाने माझ्या मायला असं म्हटलं. सोयाबीन सोंगून, मळणी होऊन माल घरी गेला होता. मागे मातीत सांडलेल्या शेंगा आम्ही वेचत होतो. याला आमच्याकडे सरवा म्हणतात. सरवा वेचायला कोणी कोणाला विचारत नाही, तशी रीतच आहे. त्या वर्षी मालकाला ती रीत खुपली.

माय म्हणाली, "मालक, सरवा हाय. सांडलेलं येचलं."

"सांडलं तरी माहंच हाय."

मायने पदर सोडला. शेंगा खाली पडल्या. मालकाने त्या पायाने मातीत दाबल्या. त्याने त्या घरी नेल्या असत्या तरी इतकं वाईट वाटलं नसतं. मी सातवीत होते. बाकीच्या बायका खाली माना घालून निघून गेल्या. आम्हीही गेलो.

माय प्रार्थनेला जायची. गावात आमची चार-पाच ख्रिस्ती घरं. रविवारी कबुलीची वेळ आली की सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि आपलं पाप देवासमोर बोलायचं. माय तेव्हापासून एकच बोलायची, "प्रभू, म्या मालकाच्या शेंगा चोरल्या. मले माफ कर." पास्टर म्हणायचे, "आमेन." दर रविवारी. वर्षानुवर्षं. दवाखान्यातल्या खाटेवरही, आवाज बसला होता तरी, तिने तेच म्हटलं. आणि गेली.

तिला वाचता येत नव्हतं. तिचं बायबल उशाशी असायचं, फडक्यात बांधलेलं. ती गेल्यावर मी ते फडकं सोडलं. कोणी शिकवलं नाही, कोणाला विचारलं नाही. दुपारी कामं आवरली की दारात बसून वाचायचे.

एक दिवस रूथची गोष्ट आली. परमुलखातली विधवा. सासूला घेऊन आलेली, पोटासाठी दुसऱ्याच्या शेतात पडलेली कणसं वेचणारी. वाचता वाचता माझा हातच थांबला. ही तर सरवा वेचते! पानाच्या कडेला बारीक आकडे होते, दुसरीकडे कुठे पाहायचं ते सांगणारे. त्यांच्यामागे मी मागे गेले, लेवीय नावाच्या जुन्या पुस्तकात. तिथे देवाचा नियमच होता. शेताच्या कडेचं कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबांचं आणि परक्यांचं. मग पुढे गेले, मत्तयाच्या शुभवर्तमानात. पहिल्याच पानावर येशूची वंशावळ, आणि तिच्यात रूथचं नाव.

सरवा वेचणारी बाई प्रभूची पूर्वज! आनंद व्हायला हवा होता. मी पुस्तक मांडीवर घेऊन हुंदके देऊन रडले. माय चोर नव्हती. आणि हे तिला सांगायला माय नव्हती.

रविवारी प्रार्थना संपल्यावर पास्टर सतरंजी गुंडाळत होते. मी ती पानं त्यांच्यापुढे धरली.

"पास्टरसाहेब, हे तुमाले ठाऊक होतं?"

त्यांनी पाहिलं. "हो."

"मंग मायले काहून नाही सांगतलं?"

त्यांनी सतरंजी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे प्रार्थनेची खोली मालकाच्या जागेत हाय. आपन त्याच्याशी कायले वाकडं घ्यावं? अन् पश्चात्ताप केल्यानं कोनाचं नुकसान होते?"

"माह्या मायचं झालं."

"राग हे बी पाप हाय. चाल, डोये मिट. कबुली दे."

आजवर त्या खोलीत मी कधी नाही म्हटलं नव्हतं. तरी म्हटलं, "नाही देत."

येत्या रविवारी सगळे डोळे मिटतील तेव्हा मी उभी राहणार आहे. मायचं नाव घेऊन ती तिन्ही पानं मोठ्याने वाचणार आहे. मालकाच्या कानावर जाईल. जाऊ दे. खोली गेली तर उघड्यावर बसू. पण चोरी न केलेल्या बाईकडून चोरीची कबुली या गावात देवाच्या नावाने पुन्हा कोणी घ्यायची नाही. मी घेऊ देणार नाही.