मास्तरांची बोटभर माया

आमच्या गल्लीतल्या टेलरमास्तरांबद्दल मी आयुष्यभर इतक्या कागाळ्या केल्या आहेत, की त्यातल्या खऱ्या कुठल्या आणि मीच रचलेल्या कुठल्या, हे आता माझं मलाही सांगता येणार नाही. एका लठ्ठ गिऱ्हाइकाच्या पँटच्या कापडातून त्यांनी मेहुण्याचा शर्ट काढला, ही बहुधा खरी. मेहुणा तोच शर्ट घालून त्या गिऱ्हाइकाकडे जेवायला गेला, ही माझी भर. आज सांगतो ती गोष्ट मात्र अक्षरन् अक्षर खरी आहे, आणि ती सांगताना मला नेहमीसारखी मजा येत नाही.

मास्तरांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी दोन मशिनं, भिंतीला पारा उडालेला आरसा आणि मागे कापायचं टेबल. शिवायला कारागीर असत, पण कापणार फक्त मास्तर. तेही सगळ्यांकडे पाठ करून, कोपरं फाकवून. कारागीर म्हणायचे, मास्तर कापत नाहीत, आंघोळ करतात. एवढा आडोसा!

त्याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी त्यांचा एक कारागीर भिंतीवर टांगलेले कागदी नमुने गुंडाळून घेऊन गेला आणि महिन्याभरात समोरच दुकान थाटून बसला. मास्तरांनी भांडण केलं नाही, पोलिसात गेले नाहीत. त्यांनी नवे नमुने काढले, पण बिनमायेचे. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात, हे ज्याने कधी सुई धरली त्याला माहीत असतं. नमुन्यातच माया धरलेली असली की कुणीही कागद ठेवावा नि कापावं. मास्तरांचा नमुना म्हणजे नेमकं अंगाचं माप. खडूने रेघ मारून झाली की त्यांची कात्री रेघेच्या बाहेरून, नुसत्या अंदाजाने चालायची. कुठे किती बाहेर, ते त्यांच्या डोक्यात. चोरानं पुन्हा नमुने पळवले तरी त्याचा एकही सदरा गिऱ्हाइकाच्या अंगात शिरला नसता. ही युक्ती मास्तरांनी मला एकदा खुशीत सांगितली होती आणि मी ती दहा ठिकाणी रंगवून सांगितली होती. म्हणजे मलाही ठाऊक होतं. पुढे जे झालं त्यात ते मला आठवायला हवं होतं, पण नाही आठवलं.

आमचं एक छोटं मंडळ आहे. सात माणसं, त्यातली पाच निवृत्त. लॉन्ड्रीच्या वरची खोली आम्हाला फुकट मिळाली आहे, त्यामुळे सभेत सगळ्यांना वाफेचा वास येतो. अध्यक्ष मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. समुद्रापलीकडच्या एका देशात गरीब मुलामुलींना हातातलं काम शिकवणारी एक शाळा आहे, सुतारकाम, वायरिंग, शिवण असं. तिला आम्ही दुरुस्त केलेली मशिनं, कात्र्या, हत्यारं पाठवतो. तिथली भाषा आमच्यात एकीलाच येते, औषधवाल्यांच्या सुनेला. लग्नाआधी ती त्या देशात शिकायला होती.

एका सभेत बाई म्हणाल्या, "मशिनं पोचली, पण शिवण शिकवणारी बाई नोकरी सोडून गेलीय. तिथल्या मुख्य बाई मूळच्या गणिताच्या. त्या आणि मुली मिळूनच शिकतायत. मास्तर, तुम्ही पाच कपड्यांचे नमुने काढून द्याल?"

मास्तर एकदम लाजले. एवढ्या लोकांसमोर त्यांना कुणी कधी काही मागितलं नव्हतं. दीड महिना त्यांनी नमुने काढले. जाड खाकी कागद, प्रत्येकाला भोक, भोकात दोरी, वर सुरेख आकडे. बाईंनी घेताना विचारलं, "सगळं लिहिलंय ना? तिकडे त्यांना विचारायला कुणी नाही हो."

"सगळं आहे," मास्तर म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

चार महिन्यांनी तिकडून पत्र आलं. शाळेला पहिलंच मोठं काम मिळालं होतं, गावातल्या दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांसाठी चाळीस कोट. वर्गातली सगळ्यात नेटकी मुलगी कापायला बसली. वय एकोणीस, घरी आजारी आई आणि तीन भावंडं. कापडाच्या घड्या एकावर एक घालून, रेघेला केसभरही धक्का न लावता तिने चाळीसच्या चाळीस कापले. शिवून पाहिले तर एकही कोट कुणाच्या अंगात जाईना. छातीत तीन-चार इंच कमी, बाही तर दंडातच अडकलेली. दवाखान्याने आणखी एक संधी दिली होती, महिनाअखेरपर्यंत. पण त्या मुलीने वर्ग सोडला होता. ‘माझा हात चांगला नाही,’ असं म्हणून ती आता वीटभट्टीवर जायला लागली होती. शेवटी लिहिलं होतं, ‘आमचं काय चुकलं ते मास्तरांना विचाराल का? त्यांचे सुंदर नमुने आम्ही वाया घालवले, याची आम्हाला फार लाज वाटते.’

औषधवाल्यांच्या सुनेने पत्र वाचून संपवलं. माझ्या जिभेला गप्प बसायची सवय नाही. मी म्हणालो, "टेप उलटी धरली असेल पोरींनी." सगळे हसले.

मास्तर हसले नाहीत. खाली बघत म्हणाले, "नवा हात असला की होतं असं. सराव पाहिजे."

बाईंनी तेच उत्तर लिहायला सांगितलं. सराव वाढवा, माप घेताना टेप नीट धरायला शिकवा, धीर सोडू नका. औषधवाल्यांच्या सुनेने तिथल्या तिथे मोबाइलवर ते पाठवून दिलं.

त्या संध्याकाळचं वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, मला नंतर सांगितलं. मास्तर जेवायला बसले आणि ताटाकडे बघत राहिले. वहिनींनी विचारलं, "अहो, झालं काय?" त्यांनी पत्राचं सांगितलं. वहिनी घास हातात धरूनच म्हणाल्या, "म्हणजे नमुन्यात माया धरलीच नव्हतीत?"

मास्तर म्हणाले, "हाताला वळण पडलंय गं."

"हाताला? मग सभेत तोंडाला काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासतोय तोवर मास्तर दारात हजर.

"ते उत्तर गेलं का रे?"

"कालच गेलं. पाठवलं की पोचतं ते."

मास्तर पायरीवरच बसले आणि मला सगळं सांगितलं. मग म्हणाले, "तुला सांगितलं म्हणजे दुपारपर्यंत गल्लीला कळेल. बाईंनाही कळेल. माझ्याच्याने त्यांच्यासमोर तोंड उघडवत नाही. एवढं कर माझ्यासाठी."

आता बघा, आयुष्यभर मी ज्याची वाट पाहिली ते आयतं माझ्या पदरात पडलं होतं. सांगायला परवानगीसुद्धा होती. पण तोंडात पेस्टचा फेस घेऊन मी उभा होतो आणि मला कालची माझी टेपची थट्टा आठवत होती. ती आता समुद्रापलीकडे पोचली होती, बाईंच्या सहीनिशी.

मी चूळ भरली आणि म्हणालो, "हे तुझं तूच सांग. मी बरोबर येतो."

बाईंनी ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढला नि पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? त्या मुलीला सांगा."

दोन दिवसांनी मास्तरांच्या दुकानातच फोन लावला. औषधवाल्यांच्या सुनेने मोबाइल सुतळीने पंख्याच्या दांड्याला उलटा बांधला, म्हणजे खालचं टेबल तिकडे दिसावं. तिकडच्या बाईंनी मुलीला कशीबशी बोलावून आणलं होतं. ती मागे उभी, हाताच्या बोटांना विटेची लाल माती. मास्तरांनी टेबलावर कापड पसरलं, नमुना ठेवला, खडू मारला. आणि पहिल्यांदाच लोकांच्या देखत कात्री उचलली.

"बाजूला रेघेबाहेर एक बोट. मुंढ्याला, बाही जोडतात तिथे, अर्धं. खाली दुमडायला दोन," ते म्हणाले.

औषधवाल्यांच्या सुनेने विचारलं, "काका, मायेला तिकडे काय म्हणू? नेमका शब्द सुचत नाही मला."

"शिवण खाते तेवढं कापड म्हण."

तिने सांगितलं. तिकडून मुलीने काहीतरी विचारलं. औषधवाल्यांच्या सुनेच्या चेहऱ्यावर हसू फुटता फुटता राहिलं. "ती विचारतेय, कुणाचं बोट?"

मास्तर आपल्या जाडजूड बोटाकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, विचारायला कुणाला ठेवलंच नव्हतं. त्यांनी टेप घेतली, बोटावर धरली. "पाऊण इंच. अर्धं म्हणजे तीन सूत. तीन अष्टमांश इंच सांग तिला."

मुलीने लिहून घेतलं. मुंढ्याचा आकडा पुन्हा विचारून घेतला. मग मान वर न करता आणखी काही बोलली. या वेळी औषधवाल्यांची सून जरा घुटमळली. "ती म्हणतेय, तुम्हाला हे ठाऊक होतं, तर कागदावर का नाही लिहिलं?" आणि हळूच, "काका, विसरलात असं सांगू?"

दुकानात बाई धरून आम्ही चौघं होतो. मला वाटलं, मास्तर हो म्हणतील. मी असतो तर म्हटलं असतं.

"नको," मास्तर म्हणाले. "एकदा एकाने माझे नमुने चोरले होते. तेव्हापासून मी नमुने काढतो ते चोराच्या हाती लागले तर म्हणून. तुम्हालाही तसेच काढून दिले. तुमचा हात चांगला आहे. माझ्या रेघेवर तुम्ही बरोबर कापलंत. आणि सराव पाहिजे म्हणालो, ते खोटं बोललो."

"चोराचंसुद्धा सांगू?"

"तसंच्या तसं सांग."

तिने सांगितलं. मग ती मुलगी दोन वाक्यं बोलली आणि फोनसमोरून बाजूला झाली. औषधवाल्यांची सून म्हणाली, "तिने जरा कडक सांगितलंय, काका. म्हणाली, नवे नमुने पाठवा. या खेपेला सगळं लिहून."

"कडक कसलं, बरोबर सांगितलंय," मास्तर म्हणाले, आणि पंख्याला बांधलेल्या फोनकडे बघतच राहिले.

टेपच्या थट्टेबद्दल मीही तेव्हा काही बोलायला हवं होतं. फोन चालू होता, औषधवाल्यांची सून समोर होती. मी बोललो नाही.

मुलगी वर्गात परत आली. कोट वेळेत गेले की चार दिवस उशिरा, यावर तिकडच्या बाईंच्या दोन पत्रांत दोन गोष्टी आहेत, पण दवाखान्याने ते घेतले. मास्तरांना तिने निरोप असा काही पाठवला नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

ते सध्या नवे नमुने काढतायत. प्रत्येकावर दोन रेघा, कापायची नि शिवायची. प्रत्येक तयार झाला की मला दुकानात बोलावतात, हातात कात्री देतात आणि वर्तमानपत्रावर कोट कापायला लावतात. "तू ठार अडाणी आहेस. तुला जमलं म्हणजे कुणालाही जमेल." मी चुकलो की पूर्वीसारखे खेकसत नाहीत. पेन्सिल घेतात आणि मी जिथे चुकलो तिथे कागदावर आणखी एक ओळ लिहितात. गेल्या आठवड्यात मी एकाच बाहीवर पाच वेळा चुकलो. वहिनी दारात उभ्या राहून हसत होत्या. त्या बाहीवर आता रेघा कमी आणि अक्षरं जास्त आहेत.

सगळ्यांत वर मास्तर एक ओळ लिहितात, ‘आधी पाठवलेले नमुने चुकीचे होते, चूक माझी.’ खाली सही. बाई म्हणाल्या, "पाचांवरही कशाला? एकावर पुरे."

मास्तर म्हणाले, "बाई, ते कागद पुढे सुटे होतात, एकेक एकेकीच्या हाती जातो."