गच्चीवरचं म्हावरं

माझ्या सासूबाईंनी भिवंडीच्या बाजारात चाळीस वर्षं मासे विकले, आणि मी लग्न होईपर्यंत मासा फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. माझं माहेर पडघ्याच्या पलीकडचं. वडिलांच्या गळ्यात माळ, घरात अंड्याचंही नाव काढायचं नाही. अशा घरातली मुलगी अंजूरकडच्या खाडीकाठच्या माणसांत कशी दिली, हा प्रश्न दोन्हीकडच्या मंडळींना अजूनही पडतो. मला मासा खायला चार महिन्यांत जमलं. मासा ओळखायला मात्र बावीस वर्षांत जमलं नाही, असं सासूबाईंचं मत आहे आणि त्या मतावर अपील नाही.

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांना ताप आला म्हणून मला बाजारात पाठवलं होतं. मी पापलेट आणलं. चांगलं चकचकीत होतं, मला तरी तसं वाटलं. आईंनी (मी त्यांना आईच म्हणते) अंथरुणातूनच त्याचा कल्ला उचलून पाहिला आणि ते मांजरापुढे टाकलं. मांजरानं वास घेतला आणि निघून गेलं. त्या मांजराची पाठ मी आजतागायत विसरलेले नाही. त्या दिवसापासून मासे आणायची निळी जाळीची पिशवी आईंच्या खोलीतल्या खुंटीला लागली. आता त्यांचे गुडघे कामातून गेलेत, तरी बुधवार, शुक्रवार, रविवार त्या रिक्षा करून जातात. मला सोबतही नेत नाहीत. माझा चेहरा बघून बायका भाव वाढवतात म्हणे.

मला ती पिशवी हवी होती. हे सांगायला थोडी लाज वाटते, कारण मी पन्नाशीला आलेली बाई आहे. पण हवी होती.

तर असं झालं, की नवऱ्यानं लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडमधलं ऑफिस बदललं. तिथे कुणीतरी सांगितलं म्हणून शुभ दिशेला काचेची टाकी ठेवली होती, तीत तीन गोल्डफिश. नव्या ऑफिसात ती दिशाच नव्हती. मासे घरी आले. आईंनी टाकीला एक फेरी मारली आणि विचारलं, "किलोला किती बसतील?"

"आई, हे खायचे नसतात."

"मंग ह्या म्हावरा न्हाय. खेलना हाय," असं म्हणून त्या टीव्हीपुढे जाऊन बसल्या.

मी मात्र मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागले. नवशिक्यांसाठी घरच्या घरी गोल्डफिशची पैदास. एक उत्साही माणूस हिंदीत सांगत होता, "बस इतना सा काम है दोस्तों." हे वाक्य तो दर मिनिटाला म्हणायचा आणि मी दर वेळी विश्वास ठेवायचे. माझ्या डोक्यात गणित अगदी सरळ होतं. जी बाई घरात मासे जन्माला घालून दाखवेल, तिला मासा कळत नाही असं कोण म्हणणार? आई कोळंबी सोलत बसल्या होत्या तेव्हा मी जाहीर करून टाकलं की मी या माशांची पिल्लं काढणार.

"पिल्ला?" त्यांनी मान वर केली नाही. "काढ. लाल पिल्ला जाली तं बाजाराची पिशवी तुजी."

नवरा साक्षीदार होता. तो हसला, पण साक्षीदार होता.

फेब्रुवारी उजाडला होता, हवा अजून गार होती. मी गच्चीवर मोठा टब ठेवला, दोन दिवस पाणी तसंच राहू दिलं, कावळ्यांसाठी वर जाळी बांधली आणि मासे त्यात सोडले. पहिला धडा नर-मादी ओळखण्याचा. व्हिडिओवाला म्हणाला, या दिवसांत नराच्या कल्ल्यांवर पांढरे बारीक ठिपके येतात आणि मादी वरून पाहिली की पोटाला एका बाजूनं फुगलेली दिसते. मी चष्मा लावून तीन दिवस टबावर ओणवी. मला तिन्ही मासे गरोदर दिसले. मी वहीत तसं लिहूनही ठेवलं.

चौथ्या दिवशी आई गच्चीवर आल्या. जवळा वाळत घालायला आल्याचं सांगितलं, पण हातात जवळा नव्हता. टबात एकदा पाहून म्हणाल्या, "यो नर, यो पन नर. ती गाभोलीची हाय."

गाभोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. आमच्या घरात ती तळून, आधी आईंना वाढून मग बाकीच्यांना मिळते.

"एवढ्यावरून कसं कळलं?" मी विचारलं.

"चालीस वरसा पोटाच बगितली. आन तिला वर, दाबून दावते."

मी आडवी पडले टबावर. मासा दाबायचा नसतो, हे त्यांना पटेना. दाबल्याशिवाय सौदा कसा करतात, असा त्यांचा सवाल होता. त्या रुसून खाली गेल्या. मी नंतर ठिपके पुन्हा पाहिले. दोन माशांना होते, तिसऱ्याला नव्हते. वहीतलं पान मी फाडून टाकलं.

आता अंडी घालायला जागा हवी. गोल्डफिशची अंडी चिकट असतात, त्यांना चिकटायला काहीतरी लागतं. व्हिडिओवाल्यानं लोकरीच्या धाग्यांचा झुपका करून पाण्यात सोडला होता. धाग्याचं काय, आमच्या भिवंडीत धागा नाही असं घर दाखवा. उशांत धागा, पायपुसण्यांत धागा, गटारातसुद्धा धागा. मी नवऱ्याला सांगितलं आणि तो दुपारी लूमवरचं उरलेलं सूत पिशवीभर घेऊन आला. मी छान जाडजूड झुपके बांधले, टबात सोडले आणि कृतकृत्य होऊन झोपले.

सकाळी टबात पेज होती. खरोखरची पांढरी, दाट पेज. तिन्ही मासे वर येऊन तोंडं उघडून हवा गिळत होते. मी किंचाळत बादल्या भरल्या, मासे गाळणीनं काढले. नवरा ब्रश तोंडात घेऊन वर आला, पाण्यात बोट बुडवलं, चोळून पाहिलं.

"ताण्याचं सूत आहे. सायझिंग झालेलं. खळ असणारच ना त्याला," तो म्हणाला.

"मग आणलंस कशाला?"

"तू सूत म्हणालीस. खळीशिवायचं हवं असं कुठे म्हणालीस?"

मला त्याच्यापेक्षा स्वतःचा राग आला. बावीस वर्षं लूमवाल्याच्या घरात राहून लूमवर चढणाऱ्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावतात हे मला माहीत नव्हतं, असं नाही. पाव्हण्यांना मीच ते समजावून सांगते. पण सूत माशांसाठी म्हटल्यावर माझ्या डोक्यातून सूतच निघून गेलं आणि नुसते मासे उरले. आई जिन्यातून एक एक पायरी चढत वर आल्या, टबात डोकावल्या आणि म्हणाल्या, "आता फकस्त मीठ नी चिच टाकायची रायली."

ते सूत मी मोठ्या पातेल्यात तीनदा उकळलं. संध्याकाळी शेजारीण विचारायला आली की आज घरात कपडे धुताय की भात शिजवताय. दोन्हीचा वास येत होता म्हणे.

मासे वाचले. टब घासून पुन्हा भरला, उकळलेल्या सुताचे झुपके सोडले. चार-पाच दिवसांनी सकाळी चहा घेऊन वर गेले तर टबात दंगल. दोन्ही नर मादीच्या मागे, तिला ढुशा देत, पाणी बाहेर उडवत. मादी झुपक्यात घुसते, हे मागून घुसतात. नवरा म्हणाला, "अगं मारतील तिला, सोडव." मी म्हटलं, तूच सोडव. तासाभरात झुपक्याच्या धाग्यांना खसखशीपेक्षा जरा मोठे, पारदर्शक मणी लागलेले दिसले. मला इतका आनंद झाला की चहाचा कप मी टबात ठेवला.

आई कपड्यांच्या दोरीला धरून बघत होत्या. एका नरानं वळून झुपक्यावरचे दोन मणी टिपले आणि गिळले. मग दुसऱ्यानं. मग खुद्द मादीनं.

"आपलीच गाभोली खातात?" आई भयंकर संतापल्या. "काढ त्यांना. काढ आदी."

"आई, तुम्ही पण गाभोळी खाता."

"ती काय माजी होती?" त्या म्हणाल्या. मोठे मासे मी परत काचेच्या टाकीत नेले.

अर्धी अंडी पांढरी पडून बुरशीनं गेली. उरलेल्यांतून तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन डोळे आणि एक केस असं काहीतरी बाहेर आलं आणि टबाच्या भिंतीला चिकटून राहिलं. त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून द्यायचा होता. फडकं लूमवरचं होतं. ते मी आधी तीनदा धुतलं, माणूस एकदाच मूर्ख ठरतो. माळकऱ्याची मुलगी सकाळी उठून माशांच्या पोरांना अंडं भरवते, हे माहेरी कळवलं नाही.

पिल्लं वाढली. मार्च गेला, एप्रिल आला. ती बोटाच्या पेरापर्यंत आली आणि मला घाम फुटला, कारण ती लाल नव्हती. सोनेरी नव्हती. ती गटाराच्या पाण्यासारखी तपकिरी होती.

"ही खाडीची मासली हाय," आईंनी निकाल दिला. "कावल्यानं टाकलीन."

"कावळा जिवंत मासे आणून टबात सोडतो का?"

"मंग लाल कुटं हायत?"

मी व्हिडिओ लावून दाखवला. तो माणूस म्हणत होता की पिल्लं आधी मातकटच असतात, रंग नंतर चढतो. आई म्हणाल्या, याच्या हातचा मासा मी घेतला नसता. सौदा लाल पिल्लांचा होता. पिशवी खुंटीवरच राहिली.

मे महिन्यात गच्ची तापून निघाली. रोज दोन-चार पिल्लं पोट वर करून तरंगायची. मी टबावर कापड बांधलं, दुपारी अर्धं पाणी बदललं. शंभरावर होती ती पंधरा-वीस उरली. अशात माहेरी भाच्याचं लग्न निघालं आणि दोन दिवस जाणं भाग होतं. नवऱ्याला पाणी बदलायला सांगितलं. तो हो म्हणाला, म्हणजे विसरणार हे नक्की होतं. लग्नात अक्षता टाकतानाही मला टबच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी परत आले. बॅग खाली टाकून तशीच वर गेले. आई टबाशेजारी पाटावर बसल्या होत्या, उघडी छत्री टबावर धरून, स्वतः उन्हात. बाजूला पाण्याच्या दोन कळशा. गुडघ्यांना तेल चोळून घेतल्याशिवाय जी बाई ओटीवर येत नाही, ती दोन जिने कळशी घेऊन चढली होती.

"आई, अहो, तुम्ही कशाला?"

"तुजा नवरा इसारला." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चालीस वरसा मेलेलाच इकला. जिता म्हावरा कवा पालला न्हाय मी. मरताना बगवत न्हाय गो."

मी छत्री त्यांच्या हातातून घेतली आणि दोघींच्या मध्ये धरली. टबावर ऊन आलं तशा त्या ओरडल्या, मग परत टबावर धरली.

रंग मला दिसलाच नाही. त्यांनाच दिसला. तीनएक आठवड्यांनी मी खाली भाकऱ्या थापत होते आणि वरून हाका आल्या. एका पिल्लाच्या पोटाची कड नारिंगी झाली होती. नखाएवढीच, पण नारिंगी. आम्ही दोघी बराच वेळ टबावर ओणव्या होतो. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, भाकरी करपली असेल.

करपली होती. पण मी तवा घासून वळेपर्यंत आईंनी खाली येऊन स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला निळी पिशवी अडकवलेली होती. त्या दिवशी बुधवार होता.

बाजारात मी नवरी मुलगी पाहायला आल्यासारखी फिरले. कल्ले उचलले, डोळे तपासले, बोटानं दाबलं. एका बाईनं ओळखलं, "म्हातारीची सून ना तू?" मी हो म्हटलं आणि आवाज जड करून सांगितलं, खाडीची बोयटं दे, गाभोळीचीच दे. एकेक हातात घेऊन, पोटं चाचपून, चार निवडली. गाभोळीची पोटं मी आता ओळखत होते. गच्चीवर शिकले होते.

घरी आल्यावर आई विळीवर बसल्या. मला खोबरं खवायला बसवलं आणि स्वतः माझ्याकडे पाठ केली. मी मान लांबवून बघत होते. पहिलं कापलं. दुसरं, तिसरं, चौथं. मांजराच्या ताटलीत आतडी पडली, पांढरट काहीतरी पडलं. गाभोळी एकातही नव्हती. चारही नर. माझ्या हातातलं खोबरं थांबलं. बावीस वर्षांपूर्वीचं सगळं आता पुन्हा होणार होतं. आईंनी वळून पाहिलं नाही. हात धुतले, मसाला मागितला.

जेवताना नवऱ्यानं ताटात शोधलं आणि विचारलं, "आये, ही गाभोळीची आणायला गेली होती ना? गाभोळी कुठाय?"

"होती," आई म्हणाल्या. काटा काढत होत्या, मान वर केली नाही. "चांगली मोटी होती. भाजून मीच खाल्ली."

मी पातेलं पुढे ओढलं आणि त्यांच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. त्यांनी नको म्हटलं नाही.