अंबराची माळ

शर्टाच्या बाहीवर मणी खसाखसा घासायचा, टेबलावरच्या कागदाच्या कपट्याजवळ न्यायचा आणि कपटा उडून मण्याला चिकटला की डोळे बारीक करून म्हणायचं, "पाहिलंत? जिवंत आहे." खडोलीतल्या आमच्या कारखान्याचे परचेस ऑफिसर हा खेळ रोज कुणाला ना कुणाला दाखवत. बघणारेही तोंड उघडं टाकून बघत.

"केसांतून फिरवलेला कंगवाही कागद ओढतो," मी एकदा म्हणालो.

"कंगव्याने कावीळ उतरते का?" ते म्हणाले. सगळे हसले.

अर्धी माहिती आणि पूर्ण आवाज, असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आमचे गृहस्थ मूळचे नाशिकचे. बायको-मुलं तिकडेच. इथे सिल्वासात भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. खरेदीच्या कामाला मुंबईला जात, तिथून कुणा व्यापाऱ्याकडून पिवळ्या मण्यांच्या माळा आणत. अस्सल अंबर म्हणे, थेट रशियाच्या समुद्रातलं. अंगातला पिवळेपणा हे मणी शोषून घेतात, असा त्यांचा सिद्धांत होता.

त्या काळी, नव्वदच्या आसपास, सिल्वासाभोवती कारखाने भराभर उभे राहत होते आणि नरोलीच्या एकेका खोलीत शिरपूर-शहाद्याकडची चार-चार माणसं राहत होती. पाणी वाईट. पावसाळा सरत आला की कुणाचे ना कुणाचे डोळे पिवळे होत आणि तो माणूस या साहेबांकडे माळ मागायला येई. साधी कावीळ पथ्याने आपली आपणच बरी होते. श्रेय माळेला जाई.

पैसे मात्र घेत नसत. घेतले असते तर बरं झालं असतं. पैसे घेणाऱ्या लबाडाला निदान लबाड म्हणता येतं. हे फक्त नमस्कार घेत. स्टोअरच्या दारात कामगार वाकले की हे हात जरा वर उचलत. 

आमचा कारखाना पॉलिएस्टर रेझिनचा, मी त्याच्या लॅबमधला केमिस्ट. अंबर म्हणजे झाडाचा चीक, युगानुयुगं जमिनीत पडून कठीण झालेला. त्याला तापलेली सुई टोचली तर धुपासारखा वास येतो. रेझिनचा मणी घशात खवखवणारा कारखानी वास सोडतो. पण साहेब सुई टोचू देत नसत. मग मी कॅन्टीनमध्ये ग्लासभर पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत ढवळलं. अस्सल अंबर त्यात तरंगतं. त्यांच्या माळेतला सुटा मणी सरळ तळाला गेला.

"वजनदार आहे," ते शांतपणे म्हणाले. "नकली माल हलका असतो."

लोकांनी माना डोलावल्या. मी वासाचा मुद्दा काढला, तर म्हणाले, "तुमच्या नाकातच कारखाना बसलाय." पुढे कित्येक दिवस कॅन्टीनमध्ये मला पाहिलं की कुणीतरी नाक धरायचं.

त्याच वर्षी रिअॅक्टरवरचा एक शिरपूरचा ऑपरेटर काविळीने पडला. त्यालाही माळ मिळाली. सोबत हुकूम मिळाला: अमावस्येपर्यंत माळ काढायची नाही आणि रोग्याने उंबरा ओलांडायचा नाही. एका दुपारी त्याची बायको गेटवर आली. नवरा काहीतरी बरळतोय, मला ओळखत नाही, म्हणाली. साहेब आणि मी नेमके गेटपाशीच होतो. मी स्कूटर काढली. ते मागे बसले. ती शेअर जीपने आमच्या पाठोपाठ आली.

नरोलीच्या खोलीत तो माणूस हळदीत बुडवून काढल्यासारखा पिवळा झाला होता. हाक मारली तर डोळे उघडायचे, पण नजर ठरत नव्हती. मी म्हणालो, "बाई, कावीळ डोक्यात चाललीय. आत्ताच्या आत्ता सिव्हिलमध्ये न्यायला हवं."

"नाही. साहेबांनी सांगितलंय, अमावस्येपर्यंत उंबरा नाही ओलांडायचा." ती दारात आडवी उभी राहिली.

मी ओरडलो. पण मी नाक धरण्याचा विषय, माझं कोण ऐकणार? साहेबांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एका शब्दाचं काम होतं, तरी ते रोग्याच्या गळ्यातल्या माळेकडे बघत होते. मनात म्हटलं, हा माणूस आता याला मारणार.

मग ते म्हणाले, "बाई, गोधडीची सुई आहे का?"

तिने दिली. त्यांनी स्टोव्ह पेटवून सुई लाल केली, खाली बसून रोग्याच्या गळ्यातली माळ काढली आणि एका मण्यात सुई घुसवली. बारीक धूर निघाला.

"वास घ्या. कसला येतो?"

तिने वाकून वास घेतला. "यांच्या कामाच्या कपड्यांना येतो तोच."

"हे प्लास्टिक आहे," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. याला दवाखान्यात न्या."

ती दारातून बाजूला झाली. शेजारच्या बटणांच्या कारखान्याचा टेम्पो मिळाला. सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी आम्हाला जे ऐकवलं, ते आम्ही मान खाली घालून ऐकून घेतलं.

व्हरांड्यातल्या बाकावर मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"बरेच दिवस. घरी एक मणी फुटला. आत हवेचा बुडबुडा होता आणि साच्याची रेघ."

"आणि तरीही वाटत राहिलात?"

"लोक विचारायला यायचे हो. घरी मला कुणी काही विचारत नाही."

असा संताप आला की उठून बाहेर गेलो. माणसाचा जीव टांगणीला लावायचा, आणि तो कशासाठी, तर कुणी आपल्याला विचारावं म्हणून! आजही मला ते क्षम्य वाटत नाही. पण एवढं मान्य करावं लागतं की मी शंभर सुया टोचल्या असत्या तरी त्या दिवशी दार अडलेलंच राहिलं असतं. ते त्यांनाच मोकळं करता आलं, आणि त्यांनी ते केलं.

ऑपरेटर वाचला. बरेच आठवडे लागले. साहेबांना मात्र स्टोअरमधला हमालही "प्लास्टिक" म्हणू लागला, तोही तोंडावर.  दिवाळीनंतर त्यांनी राजीनामा दिला.

ते गाव सोडून निघाले त्या सकाळी मी बस स्टँडवर चहा पीत होतो. पोचवायला आलो नव्हतो, पण कपही लवकर संपवला नाही. नाशिकची बस लागली तेव्हा ऑपरेटरची बायको भाजी घेऊन समोरून चालली होती. त्यांना पाहून ती थबकली. जवळ गेली नाही. साहेबांनीच बॅग खाली ठेवली.

"कसा आहे तो? जेवतो का?"

"आते भाकर मांगस," ती म्हणाली, आणि पदर सावरून चालू लागली.

"भाकर मागतो," ते स्वतःशीच म्हणाले. कंडक्टरने दोनदा हाक मारली, तेव्हा कुठे बसमध्ये चढले.