खडूने आखलेली केबिन

आ-त्वानच्या तोंडाला कुणी लागत नसे. छीचिन बेटावर, फेरीबोटीच्या धक्क्यापाशी ती कोळशावर सुकी माकुलं भाजून विकायची. गिऱ्हाइकाने "जरा कमी भाज" म्हटलं, तर "मग कच्चंच खा की, समुद्र समोरच आहे" म्हणून मोकळी व्हायची. अशी ही बाई हल्ली भाचीने आणून दिलेले कागद मांडीवर पसरून गप्प बसून राहायची, आणि तिच्या गप्प बसण्याने शेजारपाजार धास्तावला होता.

कागदांवर जहाजाच्या खोल्यांचे नकाशे होते. वसंतात ओकिनावाला जाणाऱ्या मोठ्या जहाजावर नवराबायकोने जायचं, एवढं ठरलं होतं. घोडं अडलं होतं ते खोलीवर. भाची यी-चन सहलींच्या ऑफिसात कामाला, तिने समजावून सांगितलं होतं. आतली खोली साडेचार पिंगांची, म्हणजे नऊ चटया मावतील एवढी, दोन भिंतींना दोन खाटा आणि खिडकीच्या नावाने शून्य. दुसरी तेवढीच, पण तिला काच. तिसरी चांगली सहा पिंगांची, बाल्कनीवाली. तिच्यातही दोन तऱ्हा: एकीत पलंग काचेजवळ नि सोफा दाराशी, दुसरीत नेमकं उलट.

"पलंग काचेजवळचाच हवा," आ-त्वान म्हणायची. "दाराकडे पाय करून मेलेली माणसं झोपतात."

"आतली खोली घे," तिचा नवरा आ-तिंग म्हणायचा. त्यापुढे अक्षर नाही.

आ-तिंग मुळातच मितभाषी. तीस वर्षं ट्यूनाच्या बोटींवर काढलेली. एकदा गेला की दोन-दोन वर्षं तोंड दिसायचं नाही. थोरला रांगत असताना गेला तो परत आला तेव्हा पोरगं दारात उभं राहून विचारत होतं, "आई, हे काका कोण?" संसाराची चाळीस वर्षं झाली म्हणायची, पण एकत्र काढलेले दिवस जोडले तर थोडेच भरतील.

आ-त्वानला बाल्कनी कशाला हवी होती, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. दर वेळी बोट सुटली की ती बांधाच्या पार टोकाशी जाऊन उभी राहायची आणि बोटीचा ठिपका होऊन तो पुसून जाईपर्यंत हात हलवत राहायची. तिथून ती त्याला कशी दिसत असेल? किती वेळ दिसत असेल? आधी बेट नाहीसं होत असेल की ती? एकदा तरी जहाजावर, त्याच्या शेजारी उभं राहून, त्याच्या डोळ्यांनी तिला तो किनारा बघायचा होता. मरायच्या आधी तिला एवढंच हवं होतं. आणि हे माकड म्हणत होतं, आतली खोली.

शेवटी ती त्याला आणि भाचीला घेऊन मात्सू आईच्या देवळात गेली. समुद्रावर जाणाऱ्याने समुद्राच्या आईला विचारायचं नाही, तर कुणाला? तिने उदबत्त्या लावल्या, कौलाच्या दोन लाल लाकडी चंद्रकोरी हातात धरल्या आणि मोठ्याने विचारलं, "आई, बाल्कनीचीच खोली घेऊ ना?"

एक पालथी, एक उताणी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या तर नकार. दोन्ही उताण्या पडल्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा उताण्या. तिसऱ्यांदाही तेच.

"आई हसतेय गं," देवळाची झाडलोट करणारी बोंग-यो मावशी खांबाला टेकून म्हणाली. "तुझा प्रश्न अर्धा आहे. खोलीत जाणार दोघं, आणि विचारतेस एकटीचं."

"याला काही विचारावं तर तोंडात मासा धरल्यासारखा बसतो!"

"मग खोल्या दाखव तरी आईला. तिला काय ठाऊक तुमचं पिंग नि बाल्कनी?"

यी-चनला हसू आलं, पण मावशी खरंच खडू घेऊन आली. मग दुपारच्या उन्हात देवळाच्या अंगणात टेप पसरून खोल्या आखल्या गेल्या. ही आतली. ही बाल्कनीची. हा पलंग, हे कपाट, इथे न्हाणी. आ-त्वान चपला काढून बाल्कनीच्या खोलीत शिरली, काचेच्या रेघेपाशी उभी राहिली आणि एकदम हरखली. समोर देवळाची भिंत होती, पण तिला ती दिसतच नव्हती.

"अगं बाई, केवढी ही जागा! इथे तर माझी अख्खी टपरी मावेल." ती वळून म्हणाली, "ए म्हाताऱ्या, ये की आत! की निमंत्रण छापू?"

आ-तिंग आला नाही. तो आतल्या खोलीच्या चौकटीपाशी बघत उभा होता. "हीसुद्धा फार मोठी आहे," तो म्हणाला.

"मोठी? मग तुला काय खुराडं हवं?"

त्याने यी-चनच्या हातातला खडू घेतला. खाली बसला आणि त्या खोलीच्या एका कोपऱ्यात चौकोन आखला. लांबीला त्याच्या उंचीहून कमी, रुंदीला जेमतेम तीन विती. मग जमिनीपासून हात वर धरून दाखवला, मांडीएवढा. "वरची फळी इथे. उठून बसता यायचं नाही."

"हे काय?"

"माझी जागा. बोटीवरची."

बोलता बोलता तो त्या रेघांत आडवा झाला. गुडघे मुडपले, खांदा आत घेतला, तोंड भिंतीच्या बाजूला वळवलं. सत्तरीचा तो रुंद हाडाचा माणूस त्या चौकोनात बरोबर बसला. कुठेही रेघ पुसली गेली नाही. जागा त्याच्या अंगाला पाठ होती.

आ-त्वानला ती पाठ ओळखीची वाटली. घरी तो असाच भिंतीकडे तोंड करून झोपतो, म्हणून किती रात्री तिने त्याच्या पाठीला शिव्या घातल्या होत्या! केप टाउन, मॉरिशस, आणखी कुठली कुठली बंदरं, सगळी पृथ्वी या माणसाने पालथी घातली ती एवढ्याशा जागेत अंग मुडपून. आणि तिथून उठून तो दर वेळी तिच्याकडे परत आला होता. तिला त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटले. देवळातल्या आईला जोडतात, तसेच.

ती त्याच्याशेजारी फरशीवर टेकली. "अरे, पण निदान बोट सुटताना तरी बाहेर यायचास ना? मी बांधावर उभी असायची. दिसायची का मी?"

आ-तिंगने तोंड भिंतीकडेच ठेवलं.

"नाही बघितलं," तो म्हणाला. "पहिल्या वेळी बघितलं, तर उडी टाकून पोहत परत येईन असं झालं. पुढे दोर सुटायच्या आधीच मी इथे येऊन पडायचो. कानात बोटं घालून. किनारा गेला असं बोटीवरची पोरं सांगायची, तेव्हा उठायचो."

म्हणजे इतकी वर्षं ती नुसत्या बोटीलाच हात हलवत होती. आ-त्वानला रडू फुटलं, पण राग शोधूनही सापडेना. यी-चन दुसरीकडे बघू लागली. बोंग-यो मावशीने आपला झाडू उगाचच उभा केला, पुन्हा आडवा ठेवला.

"आतलीच घेऊ रे," आ-त्वान बाहीला डोळे पुसत म्हणाली. "मला काय, कुठेही झोप लागते. थांब, आईला नीट विचारते या वेळी, दोघांचं."

"तिला कशाला त्रास?" आ-तिंग हाताला रेटा देत उठून बसला. भाचीकडे वळून म्हणाला, "पोरी, बाल्कनीची लिही."

मग त्याने बायकोचं मनगट धरलं, भर देवळात, चार माणसांदेखत.

"पण जहाज सुटताना मला असं घट्ट धरून ठेव, त्वान. आत पळू देऊ नकोस."