सासूबाईंनी विचारलेली मारिया

मरणाच्या दारातल्या बाईला मी चुकीची बातमी दिली होती.

ती बाई म्हणजे माझ्या सासूबाई. जन्माने डच, आयरिश माणसाशी लग्न करून स्लायगोला आलेल्या. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

तेव्हा लॉकडाऊन. त्या तिकडे हॉस्पिटलमध्ये, मी आणि त्यांचा एकुलता एक मुलगा यान इकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, ओंगारला. दुपारी नर्स टॅब धरायची, तेवढीच भेट.

आणि रोज एकच टुमणं. "मारियाचं पुढे काय झालं, शोध ना."

मारिया त्यांच्या घराण्यातली, अडीचशे वर्षांपूर्वीची. घरच्या बायबलमध्ये तिच्या बाप्तिस्म्याची ओळ होती, त्यापुढचं पान फाटलेलं.

डच चर्चची जुनी रजिस्टरं ऑनलाइन आहेत. मोडी परवडली असं अक्षर! आठवडाभर डोळे फोडले.

शेवटी सापडली. तेच गाव, तेच आईबाप, आणि चक्क लग्नाची नोंद.

मी ओरडलेच, "आई, जगली ती! लग्न झालं तिचं!"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, समाधानाने.

दुसऱ्या दिवशी सहज दफनाचं रजिस्टर उघडलं.

मारिया. त्याच बापाचं मूल. वय तीन आठवडे.

आणि वर्षभराने त्याच घरात पुन्हा बाप्तिस्मा. नाव, मारिया.

गेलेल्या बाळाचं नाव पुढच्या बाळाला? आपल्याकडे कोणी ठेवेल का? म्हणून मला शंकासुद्धा आली नाही. लग्न झालं ते धाकटीचं.

डॉक्टर म्हणाले होते, आता एक-दोन दिवस.

यान म्हणाला, "राहू दे गं. खूश आहे ती."

मलाही तेच सोपं होतं. पण बायबलमधली तारीख थोरलीची होती; त्यांनी विचारलेली मारिया ही नव्हतीच.

टॅब सुरू झाला. मी रडत रडतच सांगितलं. "सॉरी आई, चुकले मी. तुमची मारिया तीन आठवड्यांची असतानाच गेली."

त्यांनी नर्सला टॅब जवळ आणायची खूण केली.

"चर्चमध्ये लिहिलंय तिचं जाणं?"

"हो. नावासकट."

"ग्रँड," त्या म्हणाल्या, म्हणजे इकडच्या भाषेत 'छान झालं'. मग यानकडे बघून, "तूही दुसरा आहेस. पहिला यान चार दिवसांचा होता. डॅडने पुन्हा कधी विषय काढू दिला नाही."

यान स्क्रीनच्या जवळ सरकला.

दोन दिवसांनी त्या गेल्या. फ्युनरलला मोजकीच माणसं, सगळे मास्कमध्ये. यान बोलायला उभा राहिला.

"माझ्या आईला दोन मुलगे होते," तो म्हणाला. "दोघांचंही नाव यान."

आई, तुम्हाला आणि माझ्या थोरल्या दिरांना सुनेचा नमस्कार.