अनशापोटी घ्यायची गोळी

गीताबाई साळवेंना आजकाल 'आराम' हा शब्द कानावर पडला की मस्तकात तिडीक जायची. बायपास होऊन तीन महिने झाले होते. छातीवरची जखम भरली, टाक्यांच्या जागी नुसती खाज उरली, डॉक्टरांनी हृदय नीट चालतंय म्हणून सांगितलं. आणि तरी वाटीभर लसूण सोलला की बाई गळून जात. ज्या बाईनं बावीस वर्षं वाळूजच्या कंपन्यांतल्या पोरांना रोज साठ डबे दिले, पाळी बदलली तरी कुणाचा डबा चुकवला नाही, तिला खाटेवरून मोरीपर्यंत जायचं म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागे. जिन्याचं तर विचारूच नका.

दुखत काही नव्हतं, हाच खरा वैताग. दुखलं असतं तर निदान सांगता आलं असतं. थकवा माणूस कुणाला काढून दाखवणार?

शेवटी शहरातल्या दवाखान्यात रक्त तपासलं, तेव्हा उलगडा झाला. हिमोग्लोबिन आठ पॉइंट एक. रक्तात लोह नाही म्हणून अंगात त्राण नाही, असं सांगून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. रोज सकाळी एक, उपाशीपोटी. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं.

हे सहा आठवडे अभयनं बरोबर पकडले. अभय त्यांचा एकुलता एक, कंपनीत पहिल्या पाळीला. मेस बंद पडल्यापासून डब्याची पोरं दुसरीकडं पांगत होती, आणि फर्दापूरला पर्यटकांसाठी खानावळ चालवून परतलेला बद्रीनाथ शेगड्या-भांड्यांसकट मेस चालवायला मागत होता.

"रिपोर्ट दहाच्या वर आला तर तू चालव," अभय म्हणाला. "नाय आला तर बद्रीनाथला देऊन टाकू. मग कटकट करायची नाय."

गीताबाईंनी मान्य केलं. मेस गेली तर आपण उरणार कशाला, ही खरी भीती होती, पण ती पोराजवळ बोलायची कशी?

मग लोहाच्या नावानं घरात जे सुरू झालं, त्यानं धडधाकट माणूसही आजारी पडला असता. शेजारच्या वच्छलाबाई स्वतःची लोखंडी कढई घेऊन आल्या आणि ती वापरतात की नाही हे बघायला रोज डोकावू लागल्या. मावसभाऊ बन्सी दौलताबादहून अंजीर घेऊन आला. एकीनं पालक खा म्हटलं, दुसरीनं हृदयवाल्याला पालक म्हणजे विष म्हणून ताटातून उचलला. कुणी कलेजी सांगितली, तर सून मोनिकानं तेलतुपाच्या धास्तीनं ती घरात येऊ दिली नाही. येणारा प्रत्येक जण 'जय भीम' म्हणून खाटेशेजारी बसायचा, लई वाळलात म्हणायचा आणि जाताना आराम करा सांगायचा. आराम करून करूनच बाई थकल्या होत्या.

गोळी मात्र एक दिवस चुकली नाही. ते काम अभयनं घेतलं होतं. ज्यानं जन्मात गॅस पेटवला नव्हता तो आता पाचला उठून आईसाठी आलं घातलेला चहा करायचा. बशीत गोळी ठेवून कप हातात द्यायचा आणि कंपनीची बस येईपर्यंत पाच मिनिटं खाटेच्या कडेला बसायचा. पूर्वी हाच पोरगा तोंडातून शब्द न काढता दारातून पळायचा. आता तो सुपरवायझरच्या कागाळ्या सांगायचा, तिला झोप लागली का विचारायचा. एवढ्यासाठी आजारपण बरं, असं गीताबाईंच्या मनात येऊन जायचं आणि मग त्यांना स्वतःचाच राग यायचा.

सहा आठवड्यांनी रिपोर्ट आला. आठ पॉइंट तीन.

अभयनं तिथंच उभ्या उभ्या बद्रीनाथला फोन लावला आणि सोमवारी या म्हणून सांगितलं. बीट खाऊन खाऊन जीभ लाल झाली, रक्त काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मोनिका त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांना यायला वेळ होता म्हणून संध्या नावाच्या सिस्टरनं आधी चौकशी सुरू केली.

"गोळी कशी घेता, आजी?"

"अनशापोटी."

"नक्की?"

"नक्की म्हंजे? तोंड धुतलं की पयली गोळी. त्याच्याआधी तोंडात शीत बी नाय."

"पाण्याबरोबर ना?"

"च्याबरोबर."

सिस्टरनं पेन खाली ठेवलं. "उपाशीपोटी म्हणता आणि चहा पिता?"

"च्या म्हंजे काय खाणं हाय का?" गीताबाईंना त्या शिकल्यासवरल्या बाईची कीवच आली. मोनिकानंही मान डोलावली. तिचंही चूक नव्हतं. काही न खाता या म्हटल्यावर रक्त तपासायला निम्मं गाव चहा पिऊनच येतं.

सिस्टरनं समजावलं. चहा लोहाला पोटातून रक्तात जाऊच देत नाही. गोळी पाण्याबरोबर घ्यायची, वाटलं तर लिंबू पिळायचं, आणि आधी-नंतर दोन तास चहाचं नाव काढायचं नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. रक्त पातळ करायच्या गोळीनं कुठं रक्त जात नाही ना, याची एक तपासणी लिहून दिली आणि पुढचे सहा आठवडे दिले.

परतताना बसमध्ये गीताबाईंचा संताप मावेना. चिडावं तर कुणावर?

"मी सांगू का ह्यांना?" मोनिकानं विचारलं.

"मीच सांगते."

अभय तीनला पाळीवरून आला. डब्याची पिशवी हातात तशीच, आणि गीताबाईंनी सगळं सांगून टाकलं. तो खाली बसला.

"म्हंजे दीड महिना मीच..."

"मला तरी कुठं ठाव होतं? ते जाऊ दे. बद्रीनाथला सांग, सहा आठवडे थांब."

अभयनं पिशवी खाली ठेवली. "आई, रिपोर्ट बारा आला असता तरी मी तुला मेस चालवू दिली नसती."

"मग अट कशाला घातलीस?"

"दहाच्या वर येणार नाय वाटलं होतं." त्यानं शेगडीकडं बोट केलं. "तू पडलीस त्या दिवशी तव्यावर भाकर जळत होती. मला आधी वास आला, मग तू दिसलीस. त्या शेगडीपाशी तुला पुन्हा बघायची हिंमत नाय माझी."

दीड महिना आपण ज्या परीक्षेचा अभ्यास केला तिचा निकाल आधीच लागलेला होता, हे कळल्यावर गीताबाईंना पोराच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. आणि त्याच वेळी त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्हीसाठी अंगात बळ नव्हतं. त्यांनी त्याच्या खिशातला फोन काढून घेतला आणि बद्रीनाथला लावला.

"सोमवारी ये. पण मेस चालवायला नाय, भाकरी थापायला. शेगडीपाशी तू, खाटेवर मी."

बद्रीनाथ चाचरत म्हणाला, "मावशी, मला भाकर थापता येत नाय. आमच्याकडं तंदूर होता."

"आणि माझ्या पोरांना काय दगड घालणार होतास? ये, शिकवते."

फोन ठेवल्यावर अभय म्हणाला, "तू खाटेवरून उठायचं नाय."

"नाय उठत. तू उठ. पोरं पांगलीत, ती कोण गोळा करणार? खोल्याखोल्यांत जाऊन सांग, सोमवारपासून डबा सुरू."

अभय तसाच, बूट न काढता बाहेर पडला. गीताबाईंना धाप लागली होती. पण साडेचार महिन्यांत पहिल्यांदाच, आपण कशानं दमलो ते त्यांना ठाऊक होतं.